नेमकं कौतुक : तलवारबाजीच्या क्लबचा हंगाम कागदावर उतरवताना

स्पर्धांचा हंगाम संपला की आमच्या मुलांच्या तलवारबाजी क्लबमध्ये एक संध्याकाळ वर्षभराच्या कामगिरीसाठी राखून ठेवलेली असते. पदकवाल्यांना पुढे बोलवायचं, टाळ्या वाजवायच्या, फोटो काढायचा, हा आजवरचा शिरस्ता. यंदा सरांनी ठरवलं की क्लबमधल्या एकूण एक मुलाबद्दल चार-पाच वाक्यं सगळ्यांसमोर वाचायची. ती लिहायचं काम त्यांनी माझ्याकडे सोपवलं. माझी मुलगी फॉइल खेळते, म्हणजे तलवारबाजीतल्या तीन शस्त्रांपैकी एक. तिच्याबरोबर स्पर्धांना जाता जाता मी पूलचे तक्ते भरायला आणि पंचांच्या टेबलावर गुण नोंदवायला शिकले होते, म्हणून बहुधा माझं नाव पुढे आलं.

सरांची अट एकच होती. "'मेहनती आहे', 'जिद्दी आहे' असलं एकही वाक्य नको. मुलानं काय केलं ते लिहा. कुणाशी खेळताना, किती गुणांवर असताना, नेमकं काय."

या अटीनं काम कितीतरी वाढलं, पण ते करावंसंही त्या अटीमुळेच वाटलं. बारा वर्षांच्या मुलीला 'छान खेळलीस' म्हटलं की ती मान डोलावते आणि बॅग आवरायला लागते. तिलाच 'तिसऱ्या लढतीत तू दोनदा मागे सरकलीस, तिचा हल्ला अर्धवट पडू दिलास आणि मग मारलंस' असं म्हटलं की तिचे हात थांबतात. ते खरंच घडलेलं असतं आणि कुणीतरी ते पाहिलेलं असतं. मला प्रत्येक मुलासाठी असं एक वाक्य शोधायचं होतं.

शोधायचं कुठे, तर वर्षभराच्या कागदांत. सहायक प्रशिक्षक ताईंनी प्रत्येक स्पर्धेनंतर पूलच्या तक्त्यांचे आणि बाद फेरीच्या तक्त्यांचे फोटो काढून, छापून एका फायलीत लावले होते. ज्यांनी कधी पूलचा तक्ता पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. स्पर्धेच्या सुरुवातीला सहा-सात खेळाडूंचे गट पाडतात, त्याला पूल म्हणतात. गटातला प्रत्येक जण प्रत्येकाशी खेळतो. लढत पाच गुणांची, वेळ तीन मिनिटं. सात जणांच्या पूलमध्ये एकूण २१ लढती होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला सहा येतात. तक्त्यात आडव्या ओळीत तुम्ही मारलेले गुण असतात, उभ्या ओळीत तुम्ही खाल्लेले. जिंकलेल्या चौकटीत 'व्ही' लिहितात, हरलेल्या चौकटीत जितके गुण मारले तो आकडा. शेवटी जिंकलेल्या लढती भागिले एकूण लढती काढतात. बरोबरी असेल तर मारलेले गुण वजा खाल्लेले गुण, म्हणजे इंडिकेटर, बघतात. तीही बरोबरी असली तर ज्यानं जास्त गुण मारले तो वर. या क्रमानुसार बाद फेरीचा तक्ता लागतो, पहिल्याची गाठ शेवटच्याशी. तिथे लढत १५ गुणांची, तीन मिनिटांचे तीन भाग आणि मध्ये एकेक मिनिट विश्रांती. हरलात की बाहेर.

पदकांची यादी करायला फारसा वेळ लागला नाही, कारण ती सगळ्यांच्या तोंडी होती. खरं वाचन त्यानंतर सुरू झालं.

मी सर्वांत आधी आमच्या सगळ्यांत शांत मुलाचे कागद वेगळे काढले. फॉइल खेळतो, अकरा वर्षांचा आहे, आणि त्याच्याबद्दल काय लिहायचं असा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून पडला होता. पदक नाही, उपांत्य फेरी नाही, आरडाओरडा नाही. हंगामातल्या पहिल्या स्पर्धेतला त्याचा पूल पाहिला. सहा लढती, सहाही हरलेला. मारलेले गुण ७, खाल्लेले ३०, इंडिकेटर उणे २३. मग मधले तक्ते बाजूला ठेवून शेवटच्या स्पर्धेचा तक्ता काढला. सहापैकी दोन जिंकलेल्या, मारलेले गुण २२, खाल्लेले २७, इंडिकेटर उणे ५. बाद फेरीत तो पहिल्याच लढतीत हरला, त्यामुळे निकालाच्या पानावर तो दोन्ही वेळा खालच्याच भागात दिसतो. पण सात गुण मारणारा मुलगा वर्षअखेर बावीस गुण मारत होता, आणि हरलेल्या चार लढतींपैकी दोन ४-५ अशा होत्या.

मग मधले तक्ते क्रमानं लावले आणि एक गोष्ट लक्षात आली. त्याचे खाल्लेले गुण आधी कमी झाले होते, मारलेले गुण नंतर वाढले. म्हणजे आधी बचाव आला. हे ताईंना दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हो, हिवाळाभर मी त्याला फक्त अंतर शिकवत होते. हात नाही, फक्त पाय." पायांचं ते काम तक्त्यात आकड्यांच्या रूपानं उतरलेलं होतं. त्याचं वाक्य मिळालं.

यानंतर मला प्रत्येक तक्ता वाचायची गोडी लागली. ४-५ नं हरलेल्या लढती मी वेगळ्या रंगानं खुणावल्या. चार-चार झाले की दोघांनाही एकच गुण हवा असतो आणि तो क्षण मुलांना फार काही शिकवतो. एका मुलीच्या तक्त्यांत हंगामाच्या पहिल्या भागात अशा हरलेल्या लढतींची रांगच होती. नंतर त्या विरळ होत गेल्या आणि त्यांच्या जागी 'व्ही' दिसायला लागले. तिला विचारलं, काय बदललं? ती म्हणाली, "काकू, मी आधी चार-चारला डोळे मिटून लंज मारायचे. आता चार-चारला मी तिला आधी यायला लावते." हे वाक्य मी तसंच्या तसं घेतलं, एक शब्दही बदलला नाही. (लंज म्हणजे पुढचा पाय लांब टाकून केलेला वार.)

शस्त्रांच्या बाबतीत मात्र सावध राहावं लागलं. फॉइल, ईपी आणि सेबर या तिन्ही प्रकारांचे आकडे एका मापानं मोजता येत नाहीत. कौतुकाच्या संध्याकाळी बऱ्याच ठिकाणी 'हंगामातला सर्वोत्तम खेळाडू' असा एक करंडक देतात. मला तो पटत नाही आणि मी सरांना तसं स्पष्ट सांगितलं. ईपीत सगळं अंग लक्ष्य असतं, मास्कपासून बुटापर्यंत, आणि दोघांनी सेकंदाच्या पंचविसाव्या भागाच्या आत एकमेकांना मारलं तर दोघांनाही गुण मिळतो. त्यामुळे चांगल्या ईपीपटूचा इंडिकेटरसुद्धा कधीकधी शून्याच्या आसपास राहतो. फॉइलमध्ये लक्ष्य फक्त धड, आणि वार लागल्याचे दोघांचेही दिवे लागले तर हल्ल्याचा अधिकार कुणाकडे होता हे पंच ठरवतात. सेबरमध्ये हाताचे पंजे सोडून कमरेच्या वरचं अंग, टोकानंही मारता येतं आणि पात्याच्या धारेनंही, आणि खेळ इतका वेगवान की पूलची लढत बघता बघता संपते. बाद फेरीत सेबरला घड्याळाची गरज सहसा पडतच नाही, एकाचे आठ गुण झाले की विश्रांती. ईपीतल्या धीराची आणि सेबरमधल्या झेपेची तुलना करून कुणाला पहिला ठरवायचं? सर म्हणाले, "करंडक नको. वाक्यंच पुरेत." माझ्या मते हंगामाच्या शेवटी घेतलेला हा सर्वांत चांगला निर्णय होता.

ईपीच्या तक्त्यांनी मला सगळ्यांत जास्त आनंद दिला. एका मुलाच्या चौकटींत 'व्ही ३', 'व्ही २' असे आकडे होते. पाच गुण पूर्ण न करता तीन मिनिटं संपली आणि तो पुढे होता म्हणून जिंकला, असा त्याचा अर्थ. बाजूला बसलेल्या पालकांना असल्या लढती कंटाळवाण्या वाटतात. काही होतच नाही, दोघं नुसते पुढे-मागे करतायत, असं म्हणतात. मला विचाराल तर त्या वयात एका गुणाची आघाडी दोन मिनिटं सांभाळणं ही फार मोठी गोष्ट आहे. समोरचा चिडतो, घाई करतो, त्याचे मित्र ओरडतात, आणि हा मुलगा मनगट स्थिर ठेवून अंतर राखत राहतो. त्याची एक १५ गुणांची लढत तर मी फायलीतून काढून टेबलावर वेगळीच ठेवली. तो १४-१३ नं पुढे होता. ईपीत अशा वेळी दोघांनी एकदमच मारलं तरी पुढे असलेला १५-१४ नं जिंकतो. हे ठाऊक असल्यामुळे त्यानं समोरच्याला मनगटाकडे येऊ दिलं आणि त्याच वेळी स्वतःही हात सरळ केला. दोन्ही दिवे लागले. सामना संपला. उलट १४-१४ असताना असे दोन दिवे लागले असते तर तो गुण कुणालाच मिळाला नसता. तेरा वर्षांच्या मुलानं हा हिशोब धावत्या लढतीत केला, आणि मी त्याच्या वाक्यांत तो हिशोबच लिहिला.

कागद संपल्यावर मुलांशी बोलायला सुरुवात केली. कागद सांगतात कुठे काय झालं, का झालं ते मुलं सांगतात. प्रत्येकाला मी एकच विचारलं, "या वर्षातली तुझी कुठली लढत मी लिहू?" बहुतेकांनी जिंकलेली लढत सांगितली नाही, याचं मला नवल वाटलं. सेबर खेळणाऱ्या एकानं हात उंचावून, डोक्यावरचा वार पाचव्या पॅरीत, म्हणजे वार अडवायच्या एका ठरलेल्या पवित्र्यात, कसा अडवला आणि तिथूनच पोटावर रिपोस्ट, म्हणजे अडवल्यावरचा उलटवार, कसा मारला, हे उभं राहून करून दाखवलं. ती लढत तो हरला होता. "पण तो एक टच बरोबर बसला, काकू. वर्षभर बसत नव्हता." फॉइलमधल्या दुसऱ्या एका मुलीनं डावखुऱ्या प्रतिस्पर्ध्याशी झालेली लढत निवडली. उजव्या हाताचा आणि डाव्या हाताचा खेळाडू समोरासमोर उभे राहिले की दोघांचे शस्त्राचे हात एकाच बाजूला येतात, सवयीच्या रेषा बंद होतात आणि नेहमीच्या वारांचे कोन बदलतात. डावखुरे एकूण कमी, त्यामुळे सरावही कमी. आमच्या क्लबमध्ये डावखुरी एकच आहे. ही मुलगी दर आठवड्याला मुद्दाम तिच्याशी जोडी लावायची. त्यामुळे मी दोघींची वाक्यं एकमेकींत गुंतवून लिहिली, कारण एकीच्या यशात दुसरीचा सराव होता.

सगळ्यांत अवघड गेलं ते एका उपांत्यपूर्व सामन्याबद्दल लिहिणं. आमची मोठ्या गटातली फॉइलपटू ११-१४ अशी मागे होती. समोरचीला एकच गुण हवा होता. तिथून तिनं सलग तीन गुण घेतले, १४-१४ केले आणि शेवटचा गुण गमावून हरली. जिंकली असती तर पदक पक्कं होतं, कारण वैयक्तिक स्पर्धांत बहुतेक ठिकाणी उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांनाही कांस्य देतात. तिच्या वडिलांना वाटत होतं की शेवटचा भाग गाळावा. "तीन गुणांची पिछाडी भरून काढली, एवढंच लिहा ना," ते म्हणाले, आणि त्यांच्या बोलण्यातली माया मला कळत होती. सरांचं मत वेगळं होतं. ते म्हणाले, "निम्मंच सांगितलं तर तिलाच वाटेल की उरलेलं लाजिरवाणं होतं."

शेवटी तिलाच विचारलं. तिनं थोडा विचार केला आणि पंधराव्या गुणाचं वर्णन स्वतः लिहून दिलं. तिनं हल्ला सुरू केला, समोरचीनं पॅरी केली, रिपोस्ट आला, तो हिनं चुकवला, पण परत मारायच्या आत दुसरा वार लागला. "मी थांबले नाही, हे लिहा," असं तिनं खाली लिहिलं होतं. आमच्या मुलांनी सरावाच्या वेळी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमधला ईपीचा अंतिम सामना पाहिलेला आहे. कोरियाचा पार्क सांग-यंग हंगेरीच्या गेझा इम्रेविरुद्ध १०-१४ मागे होता आणि सलग पाच गुण घेऊन १५-१४ नं सुवर्णपदक जिंकला. ईपीत दोघांना एकदम गुण मिळू शकतो, त्यामुळे अशा पिछाडीवर एकही जोडवार चालत नाही, पाचही गुण एकट्यानंच घ्यावे लागतात. मुलांना तो सामना तोंडपाठ आहे. या मुलीची लढत तशी संपली नाही. पण ११-१४ वर असताना तिला तो सामना आठवत होता, असं तिनं मला सांगितलं, आणि मी तेही घातलं.

मुलांच्या बोलण्यात आणखी एक नाव सारखं येत होतं, भवानी देवीचं. टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळलेली ती पहिली भारतीय तलवारबाज. २०२१ मध्ये झालेल्या त्या स्पर्धेत सेबरची पहिली लढत तिनं १५-३ अशी जिंकली आणि पुढची फ्रान्सच्या मानों ब्रुनेविरुद्ध ७-१५ अशी हरली. आमच्या सेबरच्या मुलींना हे दोन्ही आकडे पाठ आहेत. हरलेल्या लढतीचा आकडाही त्या अभिमानानं सांगतात.

पिस्टवर, म्हणजे लढतीच्या पट्टीवर, न दिसणाऱ्या कामांचा शोध तर मला फारच आवडला. एक सोळा वर्षांचा मुलगा गेली दोन वर्षं क्लबची शस्त्रं दुरुस्त करतो. प्रत्येक स्पर्धेआधी टोकाची तपासणी होते. फॉइलच्या टोकानं ५०० ग्रॅमचं वजन उचलून धरलं पाहिजे आणि ईपीच्या टोकानं ७५० ग्रॅमचं, नाहीतर शस्त्र बाद. शस्त्राला यंत्राशी जोडणाऱ्या बॉडी वायरची जोडणी सैल असेल, लामेवर, म्हणजे धातूच्या धाग्यांच्या जॅकेटवर, घामानं आणि वापरानं विद्युत प्रवाह न जाणारे मृत ठिपके पडले असतील, तर ऐन लढतीत दिवा लागत नाही. बंद पडलेलं शस्त्र घेऊन पिस्टवर आलात तर पिवळं कार्ड, पुन्हा तसंच झालं तर लाल कार्ड, म्हणजे समोरच्याला फुकटचा गुण. मी पंचांच्या गुणपत्रिका चाळल्या. हंगामाच्या सुरुवातीला आमच्या मुलांच्या नावापुढे अशा पिवळ्या कार्डांच्या खुणा जागोजाग होत्या. शेवटच्या स्पर्धांच्या कागदांवर मला एकही सापडली नाही. या मुलानं दर शुक्रवारी सगळ्यांच्या वायरी मीटरवर तपासल्या होत्या, टोकांतल्या स्प्रिंग बदलल्या होत्या आणि लहानांना स्क्रू कसा बसवायचा ते शिकवलं होतं. तो स्वतः पदक जिंकला नाही. पण दुसऱ्यांच्या हरवू न दिलेल्या गुणांत त्याचा वाटा होता आणि तो मोजता येत होता.

त्याच्याबद्दल लिहिताना सरांनी सुरक्षिततेचाही उल्लेख करायला सांगितला. १९८२ मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत सोव्हिएत संघाचा ऑलिंपिक विजेता फॉइलपटू व्लादिमिर स्मिरनोव्ह समोरच्याच्या तुटलेल्या पात्यानं मास्क भेदल्यामुळे जखमी झाला आणि काही दिवसांनी गेला. त्यानंतर मास्क, जॅकेट आणि पात्यांचं पोलाद यांचे नियम बरेच कडक झाले. आजचा खेळ मुलांसाठी इतका सुरक्षित आहे तो त्या नियमांमुळे, आणि क्लबमध्ये ते नियम कुणीतरी रोज पाळून घ्यावे लागतात. आमचा हा मुलगा तडा गेलेलं पातं दिसलं की ते कुणाचंही असो, बाजूला काढतो. नवीन घेतलेलं असलं तरी.

दोन मोठ्या मुली यंदा पंचगिरी शिकल्या, त्यांचंही असंच. लहानांच्या पूलना पंच कमी पडतात. या दोघींनी आपल्या लढती संपल्यावर दुपारभर लहानांच्या पिस्टवर उभं राहून काम केलं. फॉइलचा पंच होणं म्हणजे दोन दिवे लागल्यावर क्षणात ठरवायचं की हल्ला कुणाचा होता, पॅरी झाली का, रिपोस्ट वेळेत आला का, आणि ते हातांच्या ठरलेल्या खुणांनी दाखवायचं. समोर आठ वर्षांचं पोर डोळ्यांत पाणी आणून उभं असतं आणि बाजूला त्याचे आईवडील. एकीनं मला सांगितलं, "पंच झाल्यापासून माझा स्वतःचा हल्ला स्वच्छ झाला. पंचाला दिसेल असा मारायला लागले." तिच्या त्यानंतरच्या तक्त्यांतही ते दिसत होतं.

सांघिक सामन्यांची पानं मी शेवटी घेतली, कारण ती वाचायला वेळ लागतो. संघात तिघं खेळतात, एक राखीव. तिघांपैकी प्रत्येक जण समोरच्या तिघांशी खेळतो, अशा नऊ फेऱ्या. गुण पुढे चालू राहतात. पहिली फेरी पाच गुणांपर्यंत, दुसरी दहापर्यंत, अशी चढत चढत ४५ पर्यंत. आमच्या मुलींच्या फॉइल संघानं रौप्यपदक मिळवलं आणि सगळ्यांच्या लक्षात राहिला तो उपांत्य सामन्यातला शेवटचा गुण. ४५-४३. तो मारणारीला सगळ्यांनी उचलून घेतलं होतं.

पण गुणपत्रिका दुसऱ्याच फेरीकडे बोट दाखवत होती. सहा फेऱ्यांनंतर आमचा संघ २५-३० असा मागे होता. सातवी फेरी ३५ पर्यंत खेळायची होती. आमची जी मुलगी त्या फेरीत उतरली तिनं २५ वरून ३३ पर्यंत मजल मारली. समोरचीचे ३० चे ३५ झाले. फलकावर आपण अजूनही मागेच होतो, ३३-३५, त्यामुळे ती उतरली तेव्हा फारशा टाळ्याही वाजल्या नाहीत. पण त्या एका फेरीत तिनं आठ गुण मारले आणि पाच खाल्ले. पाच गुणांची दरी दोनवर आली. तिथूनच आठव्या फेरीत ४०-३८ झालं आणि नवव्या फेरीत सामना आपला झाला. हे मी सरांना दाखवलं तेव्हा ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ही फेरी सगळ्यांसमोर एकेक आकडा वाचून दाखवायची."

कार्यक्रमाची मांडणीही आम्ही बदलली. पदकांच्या उतरत्या क्रमानं नावं घेतली तर शेवटच्या मुलांची वेळ येईपर्यंत लोक उठायला लागतात. म्हणून शस्त्रांनुसार गट केले आणि गटातली नावं चिठ्ठ्या टाकून काढली. पदकविजेत्यांचा मान कमी करायचा नव्हता. ज्यांनी पदकं मिळवली त्यांची पदकं पूर्ण आवाजात सांगितली, कुठल्या स्पर्धेत, कितव्या मानांकनावरून येऊन, अंतिम सामन्यात काय झालं, सगळं. एका मुलाचं कांस्य तर पूलनंतर तळाशी राहून, पहिल्याच बाद फेरीत दुसऱ्या मानांकित खेळाडूला हरवून आलेलं होतं. नुसतं 'कांस्यपदक' म्हटलं असतं तर हे कुणाला कळलंच नसतं.

वाचनाची पद्धत ठरलेली होती. नाव घेतलं की मुलानं शस्त्र घेऊन पुढे यायचं, मी वाचायचं, वाचून झालं की त्यानं सगळ्यांना सॅल्यूट करायचा, जसा लढतीआधी समोरच्याला, पंचांना आणि प्रेक्षकांना करतात तसा. मुलं घाबरतील असं वाटलं होतं. तसं झालं नाही. शांत मुलाचं 'सात गुण, मग बावीस गुण' वाचलं तेव्हा फॉइलच्या मोठ्या मुलांनी पायानं जमिनीवर ठेका धरला, सामन्यात कुणी सुंदर गुण घेतला की धरतात तसा. दुरुस्ती करणाऱ्या मुलाच्या वेळी लहान पोरं स्वतःहून उभी राहिली. ११-१४ वाली वाचायची वेळ आली तेव्हा तिचे वडील पहिल्या रांगेत बसून स्वतःच फोनवर चित्रण करत होते, आणि पंधराव्या गुणाच्या वर्णनाशी त्यांनी ते बंद केलं नाही.

सातव्या फेरीचे आकडे सरांनी स्वतः वाचले. प्रत्येक आकड्याबरोबर मुली ओरडत होत्या, २६, २७, २७-३१, जणू सामना आत्ताच चालू होता. ३२ व्या गुणावर गडबड झाली. सर म्हणाले तो लंजनंतरचा रेमिज होता, म्हणजे पहिला वार हुकल्यावर तिथूनच लगेच मारलेला दुसरा. ती मुलगी म्हणाली, "नाही सर, पॅरी-रिपोस्ट होता." समोरून आणखी चार जणी वेगवेगळं सांगायला लागल्या. कागदावर फक्त आकडा असतो, वार कुठला ते नसतं. पंचगिरी शिकलेल्या दोघींपैकी एक पुढे आली, तिनं दोन मुलींना पिस्टवर उभं केलं आणि तो गुण सावकाश परत खेळायला लावला, एकदा सर सांगतात तसा आणि एकदा ती सांगते तसा. मग तिनं हातानं खूण केली. पॅरी, रिपोस्ट. सरांनी लगेच मान्य केलं, माझ्याकडून पेन घेतलं आणि गुणपत्रिकेच्या समासात ते लिहून घेतलं.

पुढच्या हंगामापासून ताई पूलच्या तक्त्याला एक कोरं पान जोडणार आहेत. प्रत्येक मुलानं स्पर्धेहून परतताना त्यावर आपल्या एका गुणाचं वर्णन लिहायचं, कसा मारला किंवा कसा खाल्ला. पानाचा मसुदा माझ्याकडे आला आहे आणि सेबरच्या मुलांनी आत्ताच सांगून ठेवलंय की त्यांना जागा जास्त लागेल.